दुसऱ्या गिअरमध्ये कात्रजच्या बोगद्यापर्यंत

आमच्या कॉलेजातले लोक सुट्टीत लडाखला जातात, व्हिएतनामला जातात आणि परत आल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांना फोटो दाखवत बसतात. मी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नवी पेठेतून निघाले आणि कात्रजला गेले. अंतर नऊ-दहा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले आणि कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन आले. फोटो एकही काढला नाही. तरी हा प्रवास लिहून ठेवते आहे, कारण ज्या कामासाठी निघाले होते ते झालंच नाही, आणि जे झालं ते अजून चालू आहे.

काम साधं होतं. बाबांची गाडी विकायचं फोनवर ठरलं होतं, ती घेणाऱ्याच्या दारात नेऊन पोचवायची.

बाबा शहात्तर वर्षांचे. मोजणी खात्यात नोकरी झाली. आयुष्यभर साखळी आणि दुर्बीण घेऊन दुसऱ्यांच्या बांधांवरून चालले. निवृत्तीनंतर ही पांढरी छोटी गाडी घेतली आणि तिला इतकं जपलं की सोसायटीत लोक गाडीला आमची धाकटी बहीण म्हणत. गाडी हातानं गिअर टाकायची, जुन्या पद्धतीची. सोसायटीत कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं की आधी बाबांची बेल वाजायची. आई गेल्यावर तर बाबांना माणसांत ठेवलं ते या गाडीनंच, असं मला वाटतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिचं गिअर ऑइल मी बदललं. नेहमीचा मेकॅनिक गावी गेला होता आणि मला हौस आली होती. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मोजून ओतणं हा माझा चोवीस वर्षांचा धंदा. गाडीचं पुस्तक वाचलं, दोन व्हिडिओ पाहिले, सांगितलेल्या प्रतीचंच अडीच लिटर ऑइल आणलं. पार्किंगमध्ये एका बाजूला जॅक लावला, खाली शिरले, जुनं ऑइल काढलं. नवीन भरायची रीत पुस्तकात दिलीच होती: गिअरबॉक्सच्या अंगाला एक भोक असतं, त्यातून भरत राहायचं, आणि ऑइल त्याच भोकातून परत बाहेर ओघळू लागलं की भरलं असं समजायचं. ते ओघळलं. मी बूच लावलं. उरलेलं ऑइल बाटलीत काढून, किती उरलं ते मोजून, सवयीप्रमाणे बाटलीला लेबल चिकटवलं आणि बाटली डिकीत ठेवली. बाबा वरून गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पेशंट जगेल ना?"

आठवड्याभरात दुसरा गिअर करकरायला लागला.

आधी कधीमधी, मग रोज. बाबांचा चेहरा उतरायला लागला. एका संध्याकाळी आम्ही दोघं मावशीकडून परत येत होतो. स्वारगेटच्या पुलाच्या चढावर बाबांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गिअर ओढला, तो करकरला आणि गेलाच नाही. मी शेजारून म्हणाले, "बाबा, क्लच पूर्ण दाबा ना." त्यांनी मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. तेवढ्यात गाडी बंद पडली. मागे बस, तिच्यामागे सगळं पुणं. एक दुचाकीवाला काचेशी थांबून म्हणाला, "आजोबा, आता घरी बसा." एरवी बाबांनी त्याला असं उत्तर दिलं असतं की तो घरी जाईपर्यंत विचार करत बसला असता. त्या दिवशी त्यांनी काच वर केली.

रात्री जेवताना त्यांनी किल्ली मिठाच्या डबीशेजारी ठेवली. म्हणाले, "डावा पाय गेला. उद्या माझ्या हातून कुणाचा जीव जायला नको." मी नको-नको म्हटलं, पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. बंगलोरला असलेल्या दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "सुटलो."

त्यानंतर बाबा फार लवकर म्हातारे झाले. पाय गेला म्हणून काठी आणवली. काठी आली म्हणून जिना नको झाला. दर दिवसाआड मंडईत चालत जाऊन मेथीची जुडी उलटीपालटी करून आणणारा माणूस, मी मोबाईलवरून भाजी मागवायला लागले तेव्हा एका शब्दानं बोलला नाही. चार महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. गाडी खाली धूळ खात होती. शेवटी तेच म्हणाले, विकून टाक.

शनिवार, सकाळ: टिळक रोड, मार्केट यार्ड

निघताना बाबा दारापर्यंत आले नाहीत. पेपर वाचत बसले होते. "हवा बघून घे चाकांत. चार महिने उभी आहे," एवढंच म्हणाले. मी चपला घालेपर्यंत पेपरचं पान मात्र उलटलं नाही.

मी एरवी स्कूटर चालवते. ही गाडी मी कित्येक वर्षांत हातात घेतली नव्हती. टिळक रोडच्या पहिल्या सिग्नलला पहिल्यातून दुसऱ्यात घेतलं आणि कर्रर्र झालं. मी माझ्याच डाव्या पायाकडे पाहिलं. पुढच्या सिग्नलला क्लच अगदी जमिनीला टेकेपर्यंत दाबला, तरी कर्रर्र. हा आवाज मला पाठ होता. स्वारगेटपर्यंत तो पाच-सहा वेळा आला. माझा पाय अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. त्याला काहीही झालेलं नाही.

गाडी बाजूला घेऊन दादाला फोन केला.

"जुनी गाडी आहे, होतं असं," तो म्हणाला. "तू नेऊन दे."

"दादा, हा तोच आवाज आहे. बाबांच्या वेळचा."

तो म्हणाला, "नीलू, समज गाडीचाच दोष होता. काय करणारेस? त्यांना सांगणारेस?"

"सांगायला नको?"

"ते शहात्तर वर्षांचे आहेत. आज ना उद्या थांबवायचंच होतं आपल्याला, आणि आपल्याकडून ते झालं नसतं. स्वतःहून थांबलेत. आता कशाला उकरून काढतेस? किल्ली दे आणि घरी ये."

तो चुकीचं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही पूर्ण वाटत नाही. पण मी सरळ सातारा रस्त्यानं जायच्या ऐवजी डावीकडे मार्केट यार्डाकडे वळले.

मार्केट यार्डात शनिवारी सकाळी छोटी गाडी घेऊन शिरू नये, हा या प्रवासातला एकमेव उपयुक्त सल्ला. कांद्याच्या गोण्या उतरत होत्या, हातगाड्या उलट्या येत होत्या, आणि मी गुळाच्या टेम्पोमागे गाडी बंद पाडून बसले. एका हमालानं पाठीवरच्या गोणीसकट वाकून आत पाहिलं आणि "ताई, ढकलू का?" असं इतक्या सहज विचारलं की मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. आमच्या पेठेत कुणी असं विचारत नाही. आधी रस्ता कुणाच्या बापाचा हे विचारतात.

त्यानंच मागच्या फाटकाजवळच्या हनीफभाईंकडे पोचवलं. हनीफभाई साठीचे, टेम्पो दुरुस्त करणारे, कमी बोलणारे.

"काय होतंय?"

"दुसरा गिअर करकरतो."

"चालवतं कोण?"

"माझे वडील. वय झालंय, त्यांच्याकडून क्लच पूर्ण दाबला जात नव्हता." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं तयार बाहेर पडलं की माझी मलाच लाज वाटली.

ते गाडीत बसले. पायाखालची मॅट ओढून बाहेर टाकली, पॅडलखाली काही अडकलंय का पाहिलं. इंजिन चालू केलं, क्लच दाबून धरला, मनात पाच आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. गिअर बिनआवाज पडला. दोनदा, तीनदा तेच.

"क्लच साफ सुटतोय," ते म्हणाले. "अर्धवट सुटत असता तर रिव्हर्स ओरडला असता. क्लचमध्ये काही नाही. गाडीचं शेवटचं काम काय केलं?"

"गिअर ऑइल बदललं."

"कधी?"

"दिवाळीत."

"आवाज कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "बदललं कुणी?"

"मी."

"मग वडिलांना कशाला मध्ये घेता?"

त्यांनी समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा मागवला. खाली उतरून बघायला त्यांच्याकडे खड्डा नव्हता. "ऑइल चुकीचं असेल किंवा कमी असेल. सपाट जागी, खड्ड्यावर उभी करून बघायला लागेल. हळू चालवत न्या," म्हणाले. कुठे निघालात विचारलं, तर मी कात्रज म्हटलं. विकायला हे सांगायचा धीर झाला नाही.

शनिवार, दुपार: कात्रज

गाडी घेणारे तानाजीराव कात्रजच्या जुन्या गावठाणात राहतात. मागे आता वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत, पण त्यांच्या अंगणात अजून दोन म्हशी आणि पत्र्याच्या शेडखाली एक ट्रॅक्टर आहे. मुलीला गाडी शिकवायची म्हणून त्यांना जुनी गाडी हवी होती. मी उतरल्या उतरल्या म्हणाले, "गाडीत दोष आहे. तुम्ही घेऊ नका."

त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "विकायला येऊन असं म्हननारं मानूस पहिल्यांदाच बघतोय. आवो ताई, आधी जेवा. दोष कुटं पळून चाललाय?"

आमच्याकडे पाहुण्याला जेवायच्या वेळी "जेवूनच आला असाल" म्हणतात. इथे कुणी काही विचारलं नाही, ताट आलं. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा, घरचं ताक. वहिनी भाकरी वाढताना म्हणाल्या, "तोंड असं का उतरलंय तुमचं?" आणि मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. स्वारगेटचा पूल, माझं ते वाक्य, मिठाच्या डबीशेजारची किल्ली, काठी. तानाजीराव हात धुवायला उठले होते ते तसेच उभे राहून ऐकत होते.

शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी बांधलेला खड्डा होता. त्यांनी गाडी त्यावर घेतली, खाली उतरले आणि भोकाचं बूच काढलं. एक थेंब आला नाही. करंगळी वाकवून आत घातली, बाहेर काढून मला दाखवली. करंगळी कोरडी होती.

"ऑइल कमी हाय. लई कमी. कुटं गळतंय का? न्हाई, खाली सगळं सुकं हाय. किती भरलं व्हतं?"

"भोकातून बाहेर येईपर्यंत. पुस्तकात तसंच आहे."

"आनलं किती व्हतं?"

"अडीच लिटर. उरलेलं डिकीत आहे." मी बाटली काढून दिली. लेबलवर माझ्याच अक्षरात, प्रयोगशाळेत लिहिते तसं नीटस लिहिलेलं होतं: गिअर ऑइल, शिल्लक ९०० मिली.

तानाजीराव चष्मा पुसत म्हणाले, "आन् गाडीला लागतं किती?"

पुस्तक गाडीतच होतं. दोन लिटर दोनशे. म्हणजे तीनशे उरायला हवं होतं. मी पाव शतक विद्यार्थ्यांच्या वजाबाक्या तपासत आले आहे, आणि हे लेबल स्वतःच्या हातानं लिहून चार महिने डिकीत ठेवलं होतं.

"भरताना गाडी सरळ व्हती का तिरकी?"

तेव्हा मला पार्किंग डोळ्यांपुढे दिसलं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला दिलेला उतार, आणि त्यावर मी एका बाजूला लावलेला जॅक. कललेल्या भांड्यातून वेळेआधीच सांडतं. ते सांडलं आणि मी समजले, भरलं. रीत चोख पाळली होती. ती रीत सपाट जागेसाठी आहे एवढंच बघितलं नव्हतं.

खड्ड्यावर गाडी सरळ होती. तानाजीरावांनी नळी लावून त्याच बाटलीतलं ऑइल भरलं. माझ्या लेबलातलं सहाशे गेल्यावर ते भोकातून ओघळलं. म्हणाले, "चार म्हयनं उभी व्हती म्हनून वाचली. आता चक्कर मारून या."

मी गावातून एक फेरी मारली. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. दुसरा आधी एक-दोनदा जरा अडला, मग लोण्यात सुरी जावी तसा जायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता. मी दूध डेअरीच्या पुढे गाडी उभी केली आणि रडले.

परत आल्यावर तानाजीराव म्हणाले, "गाडी मला पसंत हाय. पर आज ठिवून घेत न्हाई. आधी त्यांना सांगा."

"माझा भाऊ म्हणतो, सांगू नकोस. सांगितलं की ते पुन्हा चालवतील."

ते म्हशीपुढे वैरण टाकत म्हणाले, "आमच्या आबांना आमी ट्रॅक्टरवरनं उतरवलं. डोळं गेलं व्हतं त्यांचं. लई चिडलं, म्हयनाभर बोललं न्हाईत. पर जे कारन व्हतं तेच सांगून उतरवलं, ताई."

शनिवार, संध्याकाळ: नवी पेठ

खालून गाडीचा आवाज ऐकून बाबांना कळलं होतंच. मी आत आले तेव्हा म्हणाले, "साभार परत?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. बाटली हातात दिली. त्यांनी लेबल वाचलं, लांब धरून पुन्हा वाचलं. राग येईल असं वाटलं होतं. ते नुसते चौकशी करत गेले, जशी ते खात्यात लोकांची करत असतील. गाडी कुठे उभी होती? तोंड कुणीकडे? जॅक कोणत्या बाजूला? मी उत्तरं देत गेले. शेवटी ते उठले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून आपली जुनी लेव्हल बॉटल काढली, पाण्याचा बुडबुडा असलेली, आणि काठी टेकत जिना उतरायला लागले. मी हात धरायला गेले, तर म्हणाले, "राहू दे."

दोन जिन्यांना त्यांना खूप वेळ लागला. पार्किंगमध्ये कसेबसे वाकून त्यांनी लेव्हल बॉटल फरशीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

"पंधरा वर्षं मी इथे गाडी लावतोय," ते म्हणाले. "उतार मला माहीत होता. तू भरत होतीस तेव्हा मी वरून बघत होतो."

"चूक माझी आहे, बाबा. आणि नंतर मी जे बोलले ते..."

"काय बोललीस?"

"क्लच पूर्ण दाबा म्हणाले. पुलावर."

ते फरशीकडेच बघत होते. "हो," म्हणाले. "त्यानंतर मला खरंच पाय दाबता येईना. रात्री पलंगावर पडून, क्लच असल्यासारखा पाय पुढे दाबून बघायचो. दर रात्री जोर कमीच वाटायचा."

यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी "माफ करा" म्हणाले. त्यांनी लेव्हल बॉटल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाला निघू. गर्दी नसते. जुन्या घाटानं बोगद्यापर्यंत. मी चालवतो."

रात्री दादाला फोन केला. तो चिडला. म्हणाला, "काही झालं तर जबाबदार तू." मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

रविवार: जुना घाट

सकाळी धुकट होतं. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. काठी मागच्या सीटवर टाकली. सीट पुढे-मागे करून, आरसे नीट करून, हात स्टिअरिंगवर ठेवून ते क्षणभर बसले. मग पहिला टाकला. दुसरा. आवाज नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेशंट जगला."

सातारा रस्ता रिकामा होता. बाबा फार छान चालवत होते. बालाजीनगरचा सिग्नल, कात्रजचा चौक, डेअरी. तानाजीरावांच्या गल्लीपाशी मी हात दाखवला तसे त्यांनी मान वळवून पाहून घेतलं. पुढे घाट सुरू झाला. दोन्हीकडे गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि मधूनच एखादा पांगारा पानं टाकून नुसता लाल उभा होता. वळणावळणाला खाली पुणं दिसत होतं, धुरकट, टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचलेलं. "त्या तिथे," बाबा एका वळणावर म्हणाले, "त्या इमारती दिसतात ना, तिथे मी ज्वारीतून साखळी ओढलीय. बांधावरून दोन भावांत भांडण होतं." ते बोलायला लागले होते. चार महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता.

बोगद्याशी पोचलो. गाडीतून उतरून थर्मासमधला चहा प्यायलो. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, जसा ते आम्ही परीक्षेहून आलो की डोक्यावर ठेवायचे.

परत उतरताना तीव्र उतार, वळणं, सारखा क्लच. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. गुडघा थरथरत होता. पुढच्या वळणाला त्यांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गिअर ओढला, आणि कर्रर्र झालं.

ऑइल भरलेलं होतं. गाडी चांगली होती. चार महिने खुर्चीत बसलेला पाय आता खरोखर पुरत नव्हता.

माझ्या ओठांवर तेच वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग सांभाळत, ब्रेकवर गाडी आणत, रस्त्याच्या कडेला जिथे जागा रुंद होती तिथे उभी केली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. खाली कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"क्लच पूर्ण दाबला गेला नाही," ते म्हणाले.

त्यांनी पाय पॅडलवरून काढला.

"दिवाळीत पाय होता, ऑइल नव्हतं. आता ऑइल आहे, पाय नाही." ते गुडघा चोळत होते. "पण हे मी बघितलंय. मी सांगतोय. कुणी सांगितलं म्हणून नाही."

"हो, बाबा."

"चल, तू घे इथून."

आम्ही जागा बदलल्या. आपल्या बाजूनं उतरून पुढून वळसा घालून जाताना ते बॉनेटला धरत धरत गेले. शेजारी बसल्यावर पट्टा लावला आणि म्हणाले, "त्या तानाजीरावांना सांग, एक महिना थांबा. मोजणी एकाला मान्य नसली की आमच्याकडे फेरमोजणीचा अर्ज करायचे. अर्ज करणाऱ्याला तेवढा हक्क असतो."

कात्रजला थांबून मी ते तसंच सांगितलं. तानाजीराव म्हणाले, "म्हयना काय, दोन घ्या," आणि बाबांना हात देऊन ताक प्यायला आत घेऊन गेले.

घरी

हे लिहिते आहे तो अठरावा दिवस. पहिल्या दिवशी बाबा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि दिवसभर झोपले. आठव्या दिवशी अलका चौकापर्यंत. परवा ते मंडईत पोचले, आणि परत येताना रिक्षा केली, हे त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. मेथीची जुडी आणली होती. महिना भरल्यावर काय ठरेल ते मला माहीत नाही. दादा रोज विचारतो, आणि मी रोज तेच सांगते. पाय पुरेसा भरला नाही तर गाडी कात्रजला जाईल, आणि ते बाबा स्वतः सांगतील.

संध्याकाळी चहा झाला की ते किल्ली घेऊन खाली उतरतात. इंजिन चालू करत नाहीत. बंद गाडीत बसून डाव्या पायानं क्लच दाबतात, पाच आकडे मोजतात, सोडतात. पहिल्या दिवशी सहा वेळा जमलं. काल एकवीस. मी शेजारच्या सीटवर बसून असते. आकडे ते मोजतात. मी काही बोलत नाही.